उन्हाच्या मुलखात आगीची काळजी

कोकणातल्या माणसाला ऊन ठाऊक असतं, पण ते माडाच्या सावलीतून पाहिलेलं. खरं ऊन पाहायचं तर मे महिन्यात खानदेशात यावं. पारा 45 च्या पलीकडे, भर दुपारी रस्ते ओस, आणि झळांपासून केळी वाचवायला बागांभोवती केलेले हिरवे आडोसे. अशा या मुलखात धास्ती कसली असावी, तर आग विझण्याची! मी तर ऐकूनच थक्क झालो.

सुरतेहून नागपूरकडे जाणारा हमरस्ता धुळे आणि जळगाव हे दोन्ही जिल्हे आडवे ओलांडतो. धुळ्याच्या अलीकडे साक्री तालुका. इथल्या ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांगच रांग, आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौरप्रकल्प. ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो त्याचीच इथे वीज होते. तिथून पूर्वेला निघावं. धुळं, पारोळा, एरंडोल, जळगाव मागे टाकावं, आणि भुसावळ ओलांडलं की दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. इथला पहिला संच 1968 सालचा. आज 500 मेगावॅटचे दोन मोठे संच आणि जोडीला 660 मेगावॅटचा नवा.

टपरीवर चहा पिताना एक निवृत्त बॉयलर ऑपरेटर भेटले. मी विचारलं, एवढी प्रचंड आग सांभाळताना भीती नाही वाटत? ते हसले. ‘भाऊ, फुल लोडला बॉयलर म्हणजे निवांत काम. लोड उतरवा म्हणाले, की खुर्चीवरून उठायचं.’

मला वाटत होतं त्याच्या हे नेमकं उलट! पण गॅसची शेगडी आठवा. ज्योत मोठी असली तर वाऱ्याला दाद देत नाही, अगदी मंद केली की खिडकीतल्या झुळकेनेही जाते. बॉयलरमध्ये कोळसा पिठासारखा बारीक दळून हवेबरोबर फुंकला जातो. पूर्ण भारावर भट्टी इतकी तापलेली असते की नवं पीठ आत शिरताच पेट घेतं. भार उतरला की कोळसा दळणाऱ्या काही मिल बंद होतात, भट्टी निवते, कोळसा विरळ पडतो. त्यात आपल्या कोळशात 35 ते 40 टक्के राख. ज्योत फडफडू लागते. फ्लेम स्कॅनरला ती दिसेनाशी झाली की यंत्रणा इंधन तोडते आणि संच ट्रिप होतो. मग लगेच काडी लावता येत नाही. न जळलेलं पीठ आत साचून स्फोट होऊ नये म्हणून आधी पाचेक मिनिटं नुसती हवा फिरवून भट्टी झाडून काढायची. हा प्रसंग टाळायचा तर ऑइल गन चालू करायच्या, म्हणजे कोळशाच्या ज्योतीला तेलाचा टेकू. तेल महाग, धूरही जास्त.

आणि लोड उतरवायचा कशासाठी? उन्हासाठी! दुपारी राज्याराज्यांतून सौरवीज जाळ्यात येते, साक्रीची त्यात एक ओंजळ. मग कोळशाने मागे सरायचं, आणि सूर्य मावळला की पुन्हा धावत पुढे यायचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनुसार कोळशाच्या संचांनी आधी 55 टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत उतरायला शिकायचं आहे. म्हणजे 500 चा संच 200 मेगावॅटवर, तेही ज्योत न सोडता.

तेलाच्या टेकूला पर्याय आहे, आणि तो ऐकून मी दुसऱ्यांदा थक्क झालो. तो आहे प्लाझ्मा! आभाळात वीज कडाडते तेव्हा दिसतो तोच. वायू इतका चेतवायचा की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे व्हावेत. चीनमध्ये यंताईच्या कंपनीने विद्युत ठिणगीच्या प्लाझ्माने कोळसा पेटवायची रीत अनेक बॉयलरांत रुजवली. तिथे तेल वाचतं, पण ज्या धातूच्या टोकांमधून ठिणगी उडते ती झिजतात आणि बदलत राहावी लागतात.

मायक्रोवेव्ह प्लाझ्माला ही टोकंच लागत नाहीत. रँडल आणि बूट या शास्त्रज्ञांनी 1940 साली बर्मिंगहॅममध्ये रडारसाठी घडवलेल्या मॅग्नेट्रॉनचंच भावंड आज स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये बसलेलं आहे. त्यातून निघणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी सेकंदाला 245 कोटी वेळा हेलकावतात. धातूच्या नळीतून त्या वायूवर सोडल्या की हलके इलेक्ट्रॉन सैरभैर होतात, रेणूंवर आदळतात आणि ऑक्सिजनचे तुकडे करतात. हे तुकडे भलतेच भुकेले, दिसेल त्या इंधनावर तुटून पडतात. त्यामुळे विरळ मिश्रणही पेट घेतं आणि ज्योत जागा सोडत नाही. जपानमध्ये कोबेच्या इमॅजिनिअरिंग कंपनीने मोटारीच्या इंजिनात याच युक्तीने पातळ मिश्रण पेटवून दाखवलं.

इंजिनाचा सिलिंडर आणि दीपनगरची भट्टी यांत मात्र फार अंतर आहे. प्लाझ्मालाही वीज लागते, आणि ती वाचलेल्या तेलापेक्षा स्वस्त पडली तरच हा सौदा परवडेल. शिवाय सगळी कसोटी राखेशी आहे. परदेशच्या चांगल्या कोळशावर जमलेलं आपल्या कोळशावर जमेलच असं नाही. म्हणून मला वाटतं, या विद्येची परीक्षा इथेच घ्यावी. दुपारी कोळशाला मागे सारणारं ऊन साक्रीला आहे, मंद आचेवर तगायला शिकणारे बॉयलर दीपनगरला आहेत, राखेने भरलेला कोळसा आहे, आणि लोड उतरताना खुर्चीवरून उठणारी माणसंही आहेत. प्रयोगाला लागणारं सगळं एकाच रस्त्यावर मांडून ठेवलेलं असताना त्याचं उत्तर कोबेहून किंवा यंताईहून येईल म्हणून वाट कशाला पाहायची?