मानेवरचं ऊन

तीर्थस्वरूप मामांस,


मानेचा फोटो मिळाला. आधी ती ट्यूब बंद करा. तिच्यात स्टिरॉइड आहे, दुकानदाराने चिठ्ठी न बघता दिलं. सुरुवातीला कातडी उजळल्यासारखी वाटते, पण लावतच राहिलात तर ती पातळ होते, लाल शिरा वर दिसू लागतात. आठवडाभरच लावली असेल तर बिघडलेलं नाही. आणि मामीला म्हणावं, घासणी परत मोरीत ठेव. तो मळ नाही.

मानेच्या मागे एकमेकींना छेदणाऱ्या खोल रेघा, मध्ये शंकरपाळ्यांच्या आकाराच्या चौकटी, जाड आणि तांबूस कातडी. आमच्या पुस्तकांत याला लांबलचक लॅटिन नाव आहे, पण डॉक्टर आपसात ‘शेतकऱ्याची मान’ म्हणूनच बोलतात. तुम्ही ‘वय झालं’ म्हणालात, ते मला मान्य नाही. बंडी काढून दंडाची आतली बाजू आरशात बघा. तीही सदुसष्ट वर्षांचीच आहे, पण तिथे रेघ नाही. वयाने कातडी सैल आणि पातळ होते. अशी जाड होऊन चिरत नाही, ते काम उन्हाचं.

उन्हातले लांब लहरींचे अतिनील किरण वरचा थर ओलांडून आत जातात. तिथलं कोलॅजन तुटत जातं आणि कातडीला ताण देणारे तंतू वेडेवाकडे होऊन त्यांचे गठ्ठे साचतात. जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक असतं ना, जागेवर दिसतं पण ओढलं की परत येत नाही, तसं. काळा रंग बराच बचाव करतो, म्हणून गोऱ्या लोकांत हे जास्त दिसतं. पण चाळीस-पन्नास वर्षं रोज दुपार अंगावर घेतल्यावर रंग तरी किती पुरणार?

आणि मानच का? ताठ उभं राहिलं तर डोक्याची सावली मानेवर पडते. पण खुरपणीला, ज्वारी काढायला माणूस वाकतो आणि मान आकाशाकडे आडवी होते. आपल्या मंगळवेढ्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो. वाकलेल्या माणसाच्या बाबतीत तो मानेवर येतो. गांधी टोपी टाळू झाकते, मान नाही. आजोबांच्या फेट्याचा शेमला मागे सुटायचा, ते या बाबतीत तुमच्यापेक्षा शहाणे! मामीनेही तेच रान, तितकीच वर्षं खुरपलं. पण पदर डोक्यावरून मानेवर. तिची मान बघा एकदा.

दोन शंका मात्र फोटोवरून मिटत नाहीत. मानेच्या घड्यांत काळी, हाताला मखमलीसारखी लागणारी कातडी असेल, तशीच काखेतही असेल, तर ती उन्हाची नाही. बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते. काखेत उन्हाचं काय काम? दुसरी शंका जुन्या डॉक्टरांची. निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरीब वस्त्यांत पेलाग्रा हा निकस आहाराचा रोग दिसायचा: उन्हाच्या जागी काळे, सोलणारे चट्टे, गळ्याभोवती हारासारखा पट्टा. हैदराबादेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 साली त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या प्रथिनाच्या घटकाशी जोडला होता. तुमच्या ताटात डाळ, दूध, शेंगदाणे असतात, त्यामुळे ही शंका मी जवळजवळ सोडून दिली आहे. भाकरी सोडू नका.

पडलेल्या रेघा पूर्ण जाणार नाहीत. कुणी क्रीमने घालवतो म्हणाला तर पैसे देऊ नका. पुढचं थांबवता येतं: पंचा खांद्यावर न टाकता टोपीखाली खोचून मानेवर सोडा, वाकायची कामं अकराच्या आत उरका, उरलेली चारनंतर. ढगाळ दिवशीही पंचा हवाच. सनस्क्रीन घामाने वाहून जातं, तुमच्या कामाला सुती कापडच बरं. महिना झाला तरी न भरणारी जखम, खपली धरून पुन्हा रक्त येणारी जागा किंवा वाढणारी गाठ मानेवर, कानावर दिसली, तर बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका.

शनिवारी सोलापूरला याल तेव्हा उपाशीपोटी या, साखर तपासून घेऊ. चहा त्यानंतर माझ्याकडे.

तुमची भाची,
शैला