सोग्यातील बी

आमची आजी सांगे की, तिचे आजोबा रत्नागिरीहून करारावर मॉरिशसला आले तेव्हा धोतराच्या सोग्यात तुळशीचे बी बांधून आले. अंगणातील तुळस त्याच वंशातली. चार बुके शिकल्यावर मी तिला पुरावा विचारला. ती गप्प झाली. ती कथा तिच्या तोंडून पुन्हा निघाली नाही.

पुढे कॉफीच्या उगमाच्या दंतकथा वाचनात आल्या. इथिओपियातील कालदीच्या शेळ्या लाल फळे खाऊन नाचू लागल्या, ही त्यांतील प्रसिद्ध. पण ही गोष्ट छापली गेली १६७१ साली, रोममध्ये, नायरोनच्या लॅटिन ग्रंथात. आणि तीत गुराख्याला नावच नाही! ‘कालदी’ मागाहून चिकटले. दुसरी बाबा बुदन यांची. हजहून परतताना मोख्याचे सात दाणे कमरेला बांधून त्यांनी ते चिकमगळूरच्या डोंगरात रुजविले म्हणे. सात हा आकडाच कथेचा. तरी डोंगराला बाबाबुदनगिरी म्हणतात, त्या मुलखात कॉफीचे मळे आहेत, आणि तेथील गुहेपुढे मुसलमान व दत्तभक्त दोघेही हात जोडतात. उलट आपल्या शेजारच्या रेयुनियाँ बेटावर फ्रेंचांनी १७१५ साली मोख्याहून रोपे आणली, याला कागदाचा आधार आहे. पण ती हकीकत मी कोणा आजीच्या तोंडून ऐकली नाही.

आजी आता नाही. परवा मंजिऱ्या चुरून बी पुडीत बांधीत होतो, तेव्हा नातीने विचारले, “आजोबा, ही तुळस कुठून आली?”

मी तिला सोग्याची गोष्ट सांगितली.