व्हॅली व्ह्यू, पण मान डावीकडे वळवून

फोटोतला डोंगर आणि खिडकीतला डोंगर यांत अंतर किती असतं? माझ्या हिशेबानं दोन रात्री, एक एक्स्ट्रा बेड आणि पंधरा हजार आठ रुपये!

मे महिना, साल २०२३. मी पुण्यात फ्लॅटच्या थंडगार फरशीवर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि सोनपेठहून आईचा फोन आला.

‘काय करायलीस?’

‘काम. तिकडं कसंय ऊन?’

‘लई पडलंय माय. अण्णा रोज संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारायचे, आता तेबी बंद केलंय.’

का बंद केलंय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. नाही विचारलं. माझ्या डोक्यात भलताच दिवा पेटला होता. आई-अण्णांना थंड हवेच्या ठिकाणी न्यायचं!

सोनपेठ कुठं आलं, असा चेहरा करू नका. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, परळी वैजनाथहून तासाभराच्या आत पोचता. मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो आणि तिथंच मुक्काम ठोकतो. डोंगर म्हणाल तर परळी-अंबाजोगाईकडचा बालाघाट. तोही मे महिन्यात तव्यासारखा तापतो. आमच्याकडं ‘थंड हवा’ म्हणजे रात्री दहानंतर गच्चीवर टाकलेली गादी, उशाशी तांब्या आणि वारा सुटला तर नशीब.

आता अण्णांबद्दल. अण्णा शाळेत भूगोल शिकवायचे. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर खडूनं सह्याद्री काढला. महाबळेश्वरला एक टिंब द्यायचं, त्यातून कृष्णा काढायची आणि थेट बंगालच्या उपसागरापर्यंत न्यायची. सुमारे १,४०० किलोमीटर. पण ते टिंब त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. शाळेची सहल दरवर्षी वेरूळ-अजिंठा नाहीतर औंढा नागनाथला जायची. त्यामुळं महाबळेश्वर म्हटल्यावर ते फोनवर फक्त एवढंच म्हणाले, ‘उगम बघायला मिळंल का?’

‘अहो अण्णा, सगळं मिळेल!’ असं मी म्हणाले. आणि बुकिंगला बसले.

इथं एक कबुली देते. थंड हवेच्या ठिकाणी हॉटेल निवडताना फसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. माथेरानला ऐन पावसाळ्यात ग्रुपनं गेलो होतो, तेव्हा ‘गाडीतळापासून पाच मिनिटं’ म्हणून सांगितलेलं रिसॉर्ट चिखलातून बॅगा ओढत पाऊण तासानं सापडलं. दस्तुरी नाक्यापुढं गाड्या जात नाहीत हे आम्हाला माहीत होतं, पण ती पाच मिनिटं घोड्याची होती हे नव्हतं. चादरी ओल्या, उशांना बुरशीचा वास. चिखलदऱ्याला डिसेंबरात गेलो तर गरम पाण्याची बादली अकरा वाजता आली, आमची गाडी निघायच्या वेळेला. म्हणजे शहाणपण यायला हरकत नव्हती. पण रात्री बारा वाजता अॅपवर निळाशार पूल, त्याच्या काठावर दोन आरामखुर्च्या आणि मागं धुक्यातली दरी दिसली की शहाणपण कुठं जातं कोण जाणे!

‘व्हॅली व्ह्यू डीलक्स, तीन व्यक्ती, ब्रेकफास्ट आणि डिनरसहित.’ एका रात्रीचे साडेपाच हजार. मी एका रात्रीचे पैसे ऑनलाइन भरले आणि आईला सांगितलं, ‘अठराशे रुपये रोज. ऑफर आहे.’

हसू नका. तुम्हीही हेच करता. साडेतीन हजारांचे बूट घरी सांगताना बाराशेचे होतात, तसंच हे.

आई-अण्णा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्यात आले. आईच्या पिशवीत दोन दिवसांचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दह्याचा डबा. शुक्रवारी सकाळी भाड्याची गाडी करून निघालो. वाईपर्यंत मजेत. पसरणीचा घाट चढताना अण्णा लहान मुलासारखे खिडकीला चिकटले होते. ‘ही बघ कृष्णेची दरी, हे तिकडं धोम धरण.’ पाचगणी सोडली आणि वेण्णा तलावाच्या अलीकडं गाडी जी थांबली ती थांबलीच. महाराष्ट्रातल्या यच्चयावत गाड्या आमच्यासारख्याच ‘सुटकेसाठी’ तिथं आल्या होत्या. शेवटचे पाचेक किलोमीटर, दीड तास. अण्णांनी तो वेळ मला इतिहास सांगण्यात घालवला. हा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतला. त्याआधी १८२९ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं छत्रपती प्रतापसिंहांकडून ही जागा खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली. ‘साहेबाला मुंबईचा उन्हाळा सोसत न्हवता,’ अण्णा म्हणाले. ‘आन् आपल्याला पुण्याचा,’ आई पुटपुटली.

हॉटेलच्या लॉबीत थंड कोकम मिळालं. तिथपर्यंत सगळं फोटोप्रमाणे होतं.

रूम तयार नव्हती. चेक-इन दोनचं, आम्हाला किल्ली मिळाली पावणेचारला. ‘तीन व्यक्ती’ म्हणजे दोन माणसं आणि आठ वर्षांखालचं मूल, असं काउंटरवरच्या मुलानं गोड हसून सांगितलं. तिसरी गादी हवी तर रोजचे बाराशे जास्त. आई-अण्णा सोफ्यावर बसले होते, म्हणून मी हळू आवाजात ‘हो’ म्हणाले आणि पटकन सही केली.

आणि व्हॅली व्ह्यू? होता ना! खिडकीसमोर पार्किंग, पार्किंगमध्ये पाण्याचा टँकर, टँकरमागं दुसऱ्या विंगची भिंत. मान बाहेर काढून डावीकडे वळवली की दोन इमारतींच्या फटीतून हातभर हिरवं दिसायचं. मान बाहेर काढायला मात्र बंदी होती. ‘माकडांचा त्रास असल्याने खिडक्या उघडू नयेत’ असा स्टिकर होता आणि खिडकीला बाहेरून जाळी ठोकलेली. रूम सगळ्यात वरच्या मजल्यावर, वर पत्रा, पंखा नाही. पंखा का नाही? ‘मॅडम, हे थंड हवेचं ठिकाण आहे.’

बाहेर खरंच सुंदर हवा होती. खोलीत मात्र सोनपेठची दुपार.

संध्याकाळी आई धपाटे काढायला लागली तर दारामागं दुसरी पाटी, ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत.’ आईनं आयुष्यात कधी नियम मोडला नाही. तिनं पडदे ओढले, दाराला कडी लावली आणि पलंगावर वर्तमानपत्र पसरून आम्हा दोघांना दबक्या आवाजात वाढलं. पोलिसांची धाड पडणार असल्यासारखं आम्ही जेवलो. खरं सांगते, त्या दोन दिवसांतलं तेच सगळ्यात चवदार जेवण. खालच्या बुफेत दोन्ही रात्री तीच लाल ग्रेव्ही, एकदा पनीर घालून, एकदा कोफ्ते घालून.

शनिवारी ‘पॉइंट’ बघायला निघालो आणि तिथंही गाड्यांची रांगच बघितली. दुपारी दोनला बाजारपेठेच्या तोंडाशी अण्णा म्हणाले, ‘राहू दे. परत जाऊ.’ उगमाकडं जाणारा रस्ता तिथून पाच-सहा किलोमीटरवर होता. त्यांनी उगमाचं नावही काढलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉटेलवर आलो तर नळाला पाणी नाही. गरम पाणी सकाळी सात ते नऊ आणि गार पाणी ‘टँकर आला की’. आई पुलाकडच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तो निळाशार पूल काठोकाठ भरलेला, त्यात प्लॅस्टिकचा फ्लेमिंगो, लॉनवर स्पीकर लागत होते. आई बराच वेळ त्या पाण्याकडं बघत होती आणि अचानक बोलून गेली, ‘एवढं पाणी असतं तर आपली मोटर जळाली तरी काय बिघडलं नसतं.’

‘कुठली मोटर?’

तर झालं होतं असं की एप्रिलच्या शेवटी घरच्या बोअरची मोटर जळाली होती. रिवाइंडिंग करून पुन्हा जळाली. नवीन टाकायची तर चौदा हजार. अण्णांनी ठरवलं होतं की पावसाळ्यात बघू, तोवर टँकर आणि प्यायला जार. ‘तिला सांगू नको, ती पैसे पाठवील,’ असंही बजावलेलं. म्हणून गच्चीवरचं पाणी बंद. म्हणजे मी त्यांना उन्हाळ्यापासून सोडवायला आणलं होतं आणि ते दोघं टँकर असलेल्या गावाहून टँकर असलेल्या हॉटेलात आले होते!

एवढा पाऊस पडतो इथं, मग पाणी का नाही? हे मी अण्णांना रात्री विचारलं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस होतो, आमच्याकडं हजारचाही आकडा क्वचित गाठतो. पण माथ्यावर जांभा खडक. पाणी त्यातून झिरपतं, खालचा काळा बेसाल्ट लागला की झऱ्यांच्या रूपानं कड्यांतून बाहेर पडतं आणि उतारानं निघून जातं. पाऊस संपला की राहतो तो वेण्णा तलाव, आणि तो महाबळेश्वर आणि पाचगणी दोघांनाही पाणी देतो. त्यात मे महिन्यात हजारोंनी पाहुणे. केंद्र सरकारनं हा सगळा भाग २००१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. अण्णांनी हे सगळं कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सांगितलं, कारण खोलीत उकडत होतं आणि खाली ‘गाला नाइट’चा डीजे अकरापर्यंत सुरू होता.

त्या कॉरिडॉरमध्येच आम्हाला रूम सर्व्हिसचा पोरगा भेटला. विशीचा असेल. अण्णांचं बोलणं ऐकून तो थबकला. ‘सर, तुमी परभणीकडचे का?’ तो निघाला पाथरी तालुक्यातला. आई-वडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात यायचे, त्यांच्याबरोबर येता येता हा इथंच टिकला. अण्णांनी त्याला बसवून घेतलं. शाळा कुठली, सर कोण होते, पगार किती, घरी पाठवतोस का. मी तीन दिवसांत त्या हॉटेलात कुणाचं नावही विचारलं नव्हतं. अण्णांना अर्ध्या तासात त्याचं सगळं गणगोत कळलं. त्यानंच सांगितलं, ‘सकाळी साडेपाचला निघा सर. क्षेत्र महाबळेश्वरला एक गाडी नसती. आठनंतर मात्र नावच घेऊ नका.’ आणि वर, ‘नाश्ता बुडंल, पण त्यात काय हाय तसंबी.’

रविवारी पहाटे निघालो. काचा खाली. दोन्ही बाजूंनी गर्द झाडी, अंगावर खरोखरचा शहारा. आई शाल शोधायला लागली! पंचगंगेच्या देवळात आम्ही धरून दहा-बारा माणसं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचे झरे तिथं शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचं पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतं. मे महिना, त्यामुळं धार मनगटाएवढीसुद्धा नव्हती.

अण्णांनी चप्पल काढली, पँट दुमडली आणि धारेखाली ओंजळ धरली. मग मागं उभ्या असलेल्या एका कुटुंबातल्या मुलाला, ओळख ना पाळख, शिकवायलाच लागले. ‘ही सावित्री पश्चिमेला, अरबी समुद्राला जाती. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळती, कोयना कऱ्हाडला. आन् कृष्णा...’ इथं ते थांबले. मला वाटलं विसरले. विसरले नव्हते.

मी दुसरीकडं बघत मोबाइलशी खेळत राहिले.

चेक-आउटला काउंटरवरच्या मुलानं बिल माझ्याऐवजी अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी चष्मा लावला. रूम ११,०००, एक्स्ट्रा बेड २,४००, जीएसटी १,६०८. एकूण १५,००८. (तेव्हा खोलीवर बारा टक्के जीएसटी होता. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के झालाय, तेवढाच दिलासा.) मी खिडकी, पाणी, पंखा सगळ्याची तक्रार केली. मॅनेजरनं पुढच्या स्टेसाठी दहा टक्क्यांचं कूपन दिलं. पुढच्या स्टेसाठी!

तुमच्यावर अशी वेळ आली तर माझ्यासारखं नुसतं भांडून येऊ नका. खोलीचे, नळाचे आणि त्या जाहिरातीचे फोटो काढून ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फिरवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, हॉटेलच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आणि बुकिंगआधी फोन करून सरळ विचारा, तिसऱ्या माणसाला गादी आहे का, पाणी किती वाजता येतं, खिडकी उघडते का. खिडकी उघडते का, हे तर नक्कीच.

वाईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, ‘अठराशे रुपये रोज?’

‘आणि मोटर?’ मी म्हणाले.

आईला आधी हसू फुटलं. मग आम्हालाही. वाईत गाडी थांबवून उसाचा रस प्यायलो. मोटरचे पैसे मी गाडीतूनच पाठवले, अण्णा ‘नको’ म्हणाले, पण नेहमीपेक्षा कमी वेळा.

जूनमध्ये सोनपेठला गेले तेव्हा गच्चीवर पाणी मारलेलं होतं. शेजारचे काका, अण्णांचे जुने विद्यार्थी, सगळ्यांना महाबळेश्वर ऐकायचं होतं. अण्णा त्यांना गोमुखाची धार हातानं करून दाखवत होते. हॉटेलचा विषय निघाला की आई सांगायची, ‘पाथरीचा एक पोरगा हाय तिथं, लई गुणाचा.’

पुढच्या उन्हाळ्यात गोदावरीचा उगम, त्र्यंबकेश्वर, असं अण्णांनी तेव्हाच जाहीर केलं. ‘गाडीचं तू बघ,’ ते मला म्हणाले. ‘रूम मी बघतो.’