बोटाने दाखवावे की शब्दाने सांगावे?



इस्राएलात नव्याने आलेली आपली मंडळी सुरुवातीचे काही महिने बोट दाखवूनच खरेदी करीत. दूध हवे तर दुधाकडे बोट, पाव हवा तर पावाकडे. काम भागे. औषधांच्या दुकानात मात्र ही युक्ती चालत नसे. तेथे माल मागच्या कपाटात, म्हणून शब्दच लागे. आणि शब्दासाठी उल्पानच्या बाकावर बसावे लागे. कॉम्प्युटरचेही असेच आहे. पडद्यावरील चित्रावर माऊसने क्लिक करणे म्हणजे बोट दाखवणे, आणि टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करणे म्हणजे शब्दाने मागणे.

हा विषय आताच काढावयाचे कारण असे की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सेवा थांबली आणि पुढची आवृत्ती कित्येक जुन्या यंत्रांवर चढत नाही. पेन्शनवर राहणाऱ्यांनी धडधाकट लॅपटॉप काय फेकून द्यावा? लिनक्स फुकट मिळते व जुन्या यंत्रावरही बहुधा नीट चालते. पण नाव काढताच आपली माणसे म्हणतात, "ते आपल्याला जमायचे नाही, त्यात सगळे लिहून सांगावे लागते."

पूर्वी त्यात तथ्य होते. हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स सुरू केले, ते जाणकारांसाठी. सामान्यांना वापरता यावे म्हणून १९९६ साली केडीई व १९९७ साली ग्नोम हे चित्रमय पडदे तयार होऊ लागले. २००४ साली उबुंटू आले. त्याच्या सीडी कित्येक वर्षे टपालाने फुकट येत. २००६ साली मिंट आले. आमच्या मते आपल्या वयाच्या माणसांना मिंट बरे. खाली कोपऱ्यात मेनू, घड्याळ, आणि नवी सुधारणा आली की ढालीचे चित्र खूण करते. पत्र लिहिणे, फोटो पाहणे, नातवंडांशी बोलणे यांस एकही आज्ञा लागत नाही. शिवाय देवनागरीचे मात्रा-जोडाक्षर टर्मिनलमध्ये पुष्कळदा विस्कटते, हिब्रूही तेथे कधी उलटीसुलटी होते. चित्रमय पडद्यावर दोन्ही सरळ दिसतात. चित्रे अडाण्यांसाठी असतात असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तरी शब्दाचेही मोल आहे. दूर राहणारा मुलगा फोनवर सांगतो, "कोपऱ्यातल्या चाकावर क्लिक कर," आणि आपल्या पडद्यावर चाकच नसते! आवृत्ती बदलली की चित्रे जागा बदलतात. एक ओळीची आज्ञा बहुधा तशीच राहते व अक्षरशः सांगता येते.

अडचण पुढेच आहे. मदत करणारे तरुण ओळ देतात, अर्थ देत नाहीत. आम्ही परिचारिका, दुसऱ्याने भरून ठेवलेली, चिठ्ठी नसलेली सिरिंज आम्ही कधी रोग्याला टोचली नाही. अर्थ न कळलेली आज्ञा तशीच समजावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषध, मात्रा, मार्ग वाचतो तसे "सुडो एप्ट इन्स्टॉल" वाचावे: सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने, एप्ट म्हणजे सामान आणणारा कोठीवाला, इन्स्टॉल म्हणजे बसव, पुढे सामानाचे नाव. सुडो दिसले की दोनदा वाचावे, कारण त्याला घरच्या सगळ्या किल्ल्या मिळतात. "आरएम" दिसले तर थांबावे. त्याने पुसलेली फाईल कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, कायमची जाते. पासवर्ड टाईप करताना अक्षर उमटत नाही; मिंटमध्ये त्याऐवजी तारका दिसतात, काही लिनक्समध्ये तर काहीच दिसत नाही. कीबोर्ड बिघडला असे समजू नये. टाईप करून एन्टर दाबावे.

कळलेली प्रत्येक आज्ञा वहीत लिहावी, शेजारी मराठीत अर्थ. उल्पानची वही आपण अशीच ठेवली होती.

ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी मिंट पेनड्राइव्हवर घालून यंत्र त्यावरून सुरू करावे. बसवण्याचे बटण दाबीपर्यंत आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज व छपाई चालते का ते तपासावे. बसवावयाचे ठरलेच तर आधी फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, आणि बसवल्यावर त्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करावे. पुढे काही बिघडले तर यंत्रणा आदल्या स्थितीला नेता येते.