लाडूची कात

११ जानेवारी २०२५, डेन्व्हर

लाडूची मागची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली म्हणून नातू खट्टू आहे. लाडू म्हणजे बॉल पायथन, आफ्रिकेतला बुटका अजगर. घाबरला की डोकं मधे घेऊन घट्ट गोळा होऊन बसतो, त्यावरून हे नाव. ते मी इथे येण्याआधीच ठरलं होतं. साडेतीन फुटांचा, गडद चॉकलेटी अंगावर पिवळसर ठिगळं. पाठीवरची कात लोंबत होती ती डिसेंबरात हळूहळू गळून गेली, पण शेपटीच्या टोकाला एक वळं अजून चिकटून आहे. तसं वळं राहिलं आणि पुढच्या कातीला त्यावर दुसरं चढलं, की ते आवळत जातं, रक्त पोचत नाही आणि शेपटीचा शेंडा काळा पडून झडतो. हे मला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ओढून काढू नका, पुढच्या कातीची हवा सांभाळा, हेही त्यांनीच बजावलं.

जावई म्हणतो, हवा ठीकच आहे, पेटीतला काटा ५५ टक्के आर्द्रता दाखवतोय. मला पटेना. सकाळी ब्लँकेट झटकलं की ठिणग्या उडतात, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, माझ्या टाचांना भेगा पडल्यात. आणि त्याच खोलीत, वर जाळीचं झाकण असलेल्या काचपेटीत ५५ टक्के? आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आकडा आणि अनुभव जुळेनात तर आधी यंत्रावर संशय घ्यायचा, एवढं अंगात मुरलंय.

१२ जानेवारी

बाजारातून काही आणावं लागलं नाही. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेतलं आणि चमच्याने थेंब थेंब पाणी सोडलं. मीठ रबरबीत व्हायला हवं, विरघळून जाता कामा नये. ते झाकण, पेटीतलं काट्याचं यंत्र आणि लेकीने मागवलेलं नवं डिजिटल यंत्र, तिन्ही चेनच्या प्लास्टिक पिशवीत बंद केली. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची कोंडलेली हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते. मीठ कुठल्या कंपनीचं आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. रात्रभर पिशवी हलवायची नाही, असं नातवाला सांगितलंय. तो दर अर्ध्या तासाने वाकून बघतोय.

१३ जानेवारी

डिजिटल ७३ वर. म्हणजे दोन मिळवले की झालं. काटा ५८ वर. कोरड्यात ५५ सांगतो, ओल्यात ५८ सांगतो. म्हणजे तो काही सांगतच नाही. डिजिटल यंत्र पेटीत ठेवलं. गार कोपऱ्यात २२ टक्के, दिव्याखाली १४.

"आबा, म्हणजे इतके दिवस आम्ही खोट्या नंबरवर होतो?"

"हो."

या जातीला एरवी साठ टक्क्यांच्या आसपास हवा लागते आणि कातीच्या दिवसांत सत्तरच्या वर. दुकानांत हे काट्याचं यंत्र पेटीबरोबरच गळ्यात मारतात. सापापेक्षा त्याचीच हमी मागायला हवी होती.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ झाला, मग नातवाला वहीच्या मागच्या पानावर गणित घालून दिलं. बाहेर उणे १५ सेल्सियस. (फॅरनहाइटची सवय मला या जन्मी होणार नाही.) एवढ्या थंड हवेच्या एका घनमीटरात जेमतेम दीड ग्रॅम वाफ मावते. तळघरातली भट्टी तीच हवा २१ अंशांवर तापवून घरभर सोडते. २१ अंशांच्या हवेत अठरा ग्रॅमपर्यंत मावू शकते. दीड भागिले अठरा, आठ टक्के. आपले श्वास, आंघोळी, कुकरची वाफ मिळून ती कशीबशी वीसवर जाते. पेटीत दिव्याखाली ३२ अंश. तिथे त्याच हवेची मावण्याची ताकद आणखी वाढते, म्हणून पाण्याचा एक कणही कमी न होता टक्के निम्म्यावर येतात.

नातवाने एक बरोबर प्रश्न विचारला: मग दिवा काढून टाकला तर? टक्के वाढतील, पण साप गारठेल. गार साप अन्न पचवू शकत नाही आणि गार ओलीत त्याच्या छातीत कफ धरतो. दिवा ठेवायचा आणि पाणी वाढवायचं.

तो रोज फवारणीच्या बाटलीने पाणी मारत होता. ते पाहिलं मी. फवारल्यावर आकडा ऐंशीवर उडी मारतो आणि तासाभरात जिथल्या तिथे, कारण गरम हवा वर जाते आणि वर सगळी जाळी.

१८ जानेवारी

शनिवार, सगळे घरी. पेटीचं काम काढलं. जाळीचा तीन चतुर्थांश भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकला, दिव्याभोवतीची जागा आणि एक पट्टी उघडी ठेवली. पाण्याचं भांडं मोठं केलं आणि दिव्याच्या बाजूला सरकवलं. तळाला कागद अंथरलेला होता तो काढून नारळाच्या सोडणांचा चुरा घातला, चांगला चार बोटं जाड. विटेसारखी दाबलेली ती लादी बादलीभर पाण्यात टाकली की फुगून वर येते. सावंतवाडीला सोडणं आम्ही चुलीत सारायचो. इथे लेकीने डॉलर मोजून आणली आणि मी ती मुकाट्याने कुस्करली.

गंमत अशी की पाणी वरून शिंपडायचं नाही. कोपऱ्यात ओतायचं, ते तळाशी मुरतं, वरचा थर हाताला कोरडा लागतो. तळातून वाफ येत राहते आणि सापाचं पोट ओल्यावर टेकत नाही. पोटाखाली सतत ओल राहिली तर खवल्यांना फोड येऊन ते कुजतात. कोरड्या हवेपेक्षा ते दुखणं वाईट.

संध्याकाळी गार कोपऱ्यात ५८.

२१ जानेवारी

लाडूने उंदीर नाकारला. फ्रीजरमधला, ऊन पाण्यात शेकवून चिमट्याने पुढे धरलेला. एरवी झडप घालतो. टॉर्च लावून पाहिलं तर पोट गुलाबी झालंय, रंग विटल्यासारखे, आणि डोळे! काळेभोर असतात ते निळसर दुधाळ झालेत. नातवाला वाटलं, मोतीबिंदू.

सापाला पापण्या नाहीत. डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो, शास्त्रात त्याला चष्माच म्हणतात. कात टाकताना तोही बदलतो. जुन्या कातडीखाली नवी पूर्ण तयार झाली की दोन्हींच्या मधे पातळ द्रव उतरतो आणि त्या द्रवाने दोन थर एकमेकांपासून सुटतात. अंगावर तो नुसता मळकटपणा दिसतो, डोळ्यावर दुधाळपणा. या दिवसांत त्याला धड दिसत नाही, म्हणून बिचकतो, चावूही शकतो. हात लावायचा नाही, अशी चिठ्ठी पेटीवर डकवली.

२४ जानेवारी

ही सकाळपासून मागे लागली आहे: "कोरडं पडलंय ना अंग? मग खोबरेल चोळा थोडं. पोराबाळांना चोळतोच की."

तिला समजावलं की काम आतल्या बाजूने चाललंय. बाहेरचा थर वेळेआधी वाळून आखडला तर तो नव्या कातडीला धरून बसतो, चिरतो, तुकडे पडतात. त्याला लवचीक ठेवायला हवेतलं पाणी लागतं. तेल त्या जागी कामाचं नाही, उलट खवल्यांच्या फटींत जाऊन बसतं. पटलं नाही, पण बाटली ठेवून दिली.

आज ओलं बीळ केलं. आमटीचा उरलेला डबा, प्लास्टिकचा, झाकणाला लाडू शिरेल एवढं भोक. भोकाची कड पॉलिश पेपरने घासून बोटाला बोचणार नाही अशी केली. आत स्फॅग्नम शेवाळ, पाण्यात भिजवून कचकचून पिळलेलं. मुठीत दाबलं तर पाणी ठिबकता कामा नये. डबा ऊबेच्या बाजूला. आतला आकडा ८४. बाहेर पेटीभर ६२ पुरतात. साप स्वतः ठरवतो कधी आत जायचं आणि कधी बाहेर, म्हणून मला ही युक्ती पेटी सगळीच चिंब करण्यापेक्षा शहाणपणाची वाटते. दुपारपर्यंत तो आत होता.

घाना, टोगो, बेनिन या भागातल्या गवताळ माळरानांत हे साप दिवसभर उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत पडून असतात. वर हवा कितीही कोरडी असो, जमिनीखाली ओलसर. माळरानाचा साप म्हणून कोरडं चालतं असं दुकानदाराने जावयाला सांगितलं होतं. त्याने माळ पाहिला, बीळ नाही पाहिलं. बेनिनमधल्या विदाह गावात याच अजगरांचं देऊळ आहे, आपल्या नागोबासारखे तिथे ते पूज्य.

नागोबावरून आठवलं. लहानपणी नागपंचमीला गारुडी टोपली घेऊन यायचा आणि नाग वाटीतलं दूध प्यायचा. सगळी आळी हात जोडायची. नागाला आधी कितीतरी दिवस पाणी तोडलेलं असायचं, म्हणून तो समोर येईल ते प्यायचा. दूध त्याला पचत नाही. त्या टोपल्यांतल्या नागांच्या अंगावर मी कातीचे वाळके पापुद्रे पाहिलेत. तेव्हा वाटायचं, म्हातारा असेल.

२७ जानेवारी

डोळे पुन्हा काळे, स्वच्छ. नातू निराश: "झालं? कात कुठाय?" अजून आहे. तो द्रव शोषला जातो, डोळे निवळतात आणि त्यानंतर काही दिवसांनी कात निघते. पुष्कळ लोक इथेच फसतात. संपलं समजून पाणी घालायचं थांबवतात.

पेटीत खरखरीत काही नाही हे आज लक्षात आलं. काच गुळगुळीत, भांडं गुळगुळीत. आमच्याकडे कात सापडायची ती नेहमी गडग्यात, जांभ्या दगडांच्या फटीत अडकलेली, कारण ओठ घासायला तसा दगड लागतो. इथे जांभा कुठला? अंगणातला एक ओबडधोबड दगड धुऊन, उकळून, गार करून ठेवला, आणि एक जाड फांदी.

३१ जानेवारी

रात्री कधीतरी निघाली. सकाळी नातू ओरडतच वर आला. दगड आणि डबा यांच्या मधे पडली होती, अखंड.

टेबलावर कागद पसरून दोघांनी तपासली. ओली असताना ती रेशमी लागते, अर्ध्या तासात कुरकुरीत होते, म्हणून घाईने. बनियन डोक्यावरून काढताना उलटं होतं तशी ती उलटी झालेली असते, आतली बाजू बाहेर. आधी डोकं पाहायचं. दोन्ही चष्मे जागेवर होते, पारदर्शक, किंचित फुगीर चकत्या, एकालाही भोक नाही. जिथे चकतीऐवजी नुसतं भोक दिसतं तिथे चष्मा सापाच्या डोळ्यावर राहिला असं समजायचं. तो चिमट्याने काढायला गेलेल्या लोकांनी सापांचे डोळे घालवलेत. तसं झालं तर पेटीची ओल वाढवायची आणि डॉक्टर गाठायचा, बस्स. ओठांच्या कडेला बारीक खाचांचे ठसेसुद्धा उमटलेत. उंदराची ऊब ओळखायची इंद्रियं ती.

मग शेपूट. टोकाला बोट लावलं तर तिथे कात जाड लागली. नखाने अलगद सोडवली तर आत दुसरा थर: डिसेंबरातलं वळं या कातीबरोबर निघून आलंय. पेटीतल्या लाडूची शेपटी शेंड्यापर्यंत नितळ, काळसर, टोकदार.

लांबी मापली. कात चार फुटांच्या वर भरली. "आबा, हा एका रात्रीत वाढला?" नाही. खवल्यांच्या मधली दुमडलेली कातडी कातीत ताणून सरळ होते, म्हणून ती सापापेक्षा नेहमीच लांब. कोकणात कातीवरून साप मोजून सांगणारे भेटतात. त्यांचे सगळे साप त्यामुळेच मोठे.

संध्याकाळी लाडूने उंदीर घेतला.

८ फेब्रुवारी

पेटीतला आकडा आता साठच्या आसपास ठेवलाय. डब्यातलं शेवाळ फेकलं, एका कडेला पांढरी बुरशी दिसत होती. ओल राखायची तर घाण रोजच्या रोज उचलायची, शेवाळ बदलत राहायचं आणि हवा खेळती ठेवायची. नुसतं पाणी ओतणाऱ्याच्या पेटीत साप शिंकायला लागतो, तोंड उघडं टाकून श्वास घेतो, नाकाशी बुडबुडे दिसतात. तो सरळ डॉक्टरकडचा रस्ता.

कातीचा फोटो लेकीने घरच्या ग्रुपवर टाकला आणि पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, भारी आहे. सोसायटीमागे धामणीचं पिल्लू निघालंय, ठेवू का? पेटीचं सगळं तुम्ही सांगालच." पेटीचं सांगेन, पण धामण ठेवायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि आपल्याकडचा साप घरात ठेवणं हा त्याखाली गुन्हा ठरतो, मग तो विषारी असो वा बिनविषारी, आणि पेटी कितीही चांगली असो. लाडूसारखा परदेशी साप भारतात ज्यांच्याकडे आहे त्यांनाही २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. शिवाय पुण्याचा एप्रिल-मे कोरडेपणात डेन्व्हरच्या जानेवारीच्या फार मागे नाही. पिल्लू डब्यात कोंडलंस तर पहिलीच कात अडकेल.

त्याला वन खात्याचा १९२६ हा क्रमांक दिला. ज्यांच्या घरी, अंगणात, जिन्याखाली साप निघेल त्यांनी फोटो नंतर काढावा, आधी हा फोन करावा.