आखूड बोर्डाचा हट्ट सोडला

यवतमाळात सप, म्हणजे उभं राहून वल्हवायचा बोर्ड घेतोय म्हटलं की लोक आधी विचारतात, "इथं समुद्र कुठंय?" बरीच वर्षं मीही हेच म्हणत होतो. कर्नाटकातल्या मुळकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकलेला मी. संथ पाण्यावर उभं राहून वल्हं मारत फिरणं मला पेन्शनरांचा विरंगुळा वाटे. मुळकीच्याच तन्वी जगदीशने या खेळात नाव कमावलं, तरी माझं मत तसूभर हललं नाही. घ्यायचाच झाला तर आखूड, अरुंद, लाटांवरचा बोर्ड घेऊ, असंही ठरवून टाकलेलं. मोठा बोर्ड शिकाऊंचा, ही सर्फरची जुनी अढी.

ती अढी सुटली बेंबळा धरणाच्या पाण्यात.

एका मित्राचा साडेआठ फुटी बोर्ड घेऊन उतरलो. उजवीकडून वल्हं मारलं की नाक डावीकडे, डावीकडून मारलं की उजवीकडे. पाय सवयीने तिरके, एकामागे एक पडत होते. इथे दोन्ही शेजारी-शेजारी, तोंड सरळ पुढे लागतं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेले एक मासेमार काका जाळं सोडत सोडत माझ्या पुढे निघून गेले. वळून पाहिलंसुद्धा नाही त्यांनी!

मग हिशेब मांडला. सर्फबोर्डवर आपण उभे राहतो ते लाटेच्या वेगामुळे. माझा 6 फुटी बोर्ड जेमतेम 30 लिटर आकारमानाचा, लाट नसेल तर उभं राहताच पाण्याखाली जाणारा. सपला मात्र थांबलेल्या पाण्यात आख्खा माणूस पेलायचा असतो. 80 किलोच्या माणसाला 80 लिटर म्हणजे जेमतेम काठावर पास. निवांत उभं राहायचं तर दुपटीहून जास्त हवेत. त्यात आपलं पाणी गोडं. समुद्राचं खारं पाणी साधारण अडीच टक्के जास्त उचलून धरतं. ती सवलत ना बेंबळ्यात, ना दिग्रसच्या अरुणावतीत, ना पुसदच्या पूस धरणात. लाटांवरचा अनुभव तोल सांभाळायला कामी येतो, पण म्हणून बोर्ड लहान घ्यावा असं मला आता वाटत नाही. पहिला बोर्ड साडेदहा फूट लांब, 32 इंच रुंद असावा. लांबीमुळे तो सरळ चालतो.

आणि तो फुगवायचा घ्यावा, हेही मी पूर्वी कधी म्हटलं नसतं. हवेची गादी ती, असं वाटायचं. पण वरचा आणि खालचा थर आतून असंख्य धाग्यांनी बांधलेला असतो. 15 पीएसआय दाबापर्यंत हवा भरली की उभं राहिल्यावर वाकत नाही. गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत मावतो, गाडीच्या टपावर बांधायला नको. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात. त्यांच्यावर आपटून कडक बोर्डाला तडा जातो, हा बहुधा नुसता खरचटतो. बोर्डाखालची फिन मात्र आखूड लावा, लांब फिन अडकते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात भरलेला बोर्ड काठावर टाकून जेवायला बसू नका. आतली हवा तापून सांधे सुटतात.

निळोणा आणि चापडोह यवतमाळकरांच्या पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, ते सोडा. बाकी धरणांवरही आधी पाटबंधारे खात्याला विचारा, आणि कितीही पट्टीचे पोहणारे असलात तरी लाईफ जॅकेट घालूनच उतरा.