शेवटचा येईपर्यंत

स्कीवरून डोंगर उतरणारं माणूस उतरताना एकटंच असतं. कानाशी वारा, पायाखाली बर्फाची खरखर, आणि पुढच्या वळणापुरतं जग. या वेगात बोलता येत नाही, कोणाचा हात धरता येत नाही. पण थोडं खाली, उतार जिथे जरा निवांत होतो तिथे, कडेला चारपाच जण काठ्या रोवून उभे दिसतात आणि सगळ्यांची तोंडं वरच्या दिशेला असतात. लाल टोपी आली, हिरवं जाकीट आलं, अजून एक यायचाय. तो झाडांमधून बाहेर पडला की कोणीतरी काठी उंचावतं, आणि मगच टोळी पुढे सरकते. वळणांच्या मोहाने मी या खेळाकडे ओढले गेले. त्यात राहिले मात्र या थांबण्यामुळे.

आमचा डोंगर म्हणजे कॅलिफोर्नियातला सिएरा नेवाडा. सॅक्रामेंटोच्या सपाटीवरून इंटरस्टेट ८० धरून पूर्वेला निघालं की ओक मागे पडतात, पाइन सुरू होतात, आणि दोनेक तासांत डॉनर समिट ओलांडून ट्रकी गाव येतं. पॅसिफिकवरून आलेले ढग इथे वर चढता चढता रिकामे होतात. ओलसर, भिजवलेल्या पिठासारखा जड बर्फ पडतो. इथली माणसं त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात. या खिंडीचं नाव ज्या डॉनर कुटुंबावरून पडलं, त्यांचा काफिला १८४६ च्या हिवाळ्यात इथेच अडकला. ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे गेले. जे वाचले त्यांच्यातल्या बहुतेकांना आणायला सॅक्रामेंटोच्या बाजूने माणसं बर्फ तुडवत वर आली होती. पहिल्या खेपेला तळ्यापर्यंत पोचले ते सात जण. खाली असलेल्याने वर अडकलेल्यासाठी निघायचं, ही या डोंगराची जुनी रीत आहे.

एका मार्चमध्ये आमच्या टोळीतला एक जण खाली आलाच नाही.

हिवाळ्यात तो लहान मुलांना स्की शिकवायचा, उन्हाळ्यात सुतारकाम करायचा. मलाही गुडघे कुठे वाकवायचे आणि नजर कुठे ठेवायची हे त्यानेच शिकवलं होतं. आम्ही कडेला उभे राहून वर बघत होतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग वरून हाक आली. त्याच्या मागून उतरणाऱ्या मैत्रिणीने त्याला झाडाच्या बुंध्याशी पडलेला पाहिलं होतं. तिने पहिलं काम केलं ते डोंगरावर प्रत्येकाला शिकवलेलं असतं: आपल्या दोन्ही स्की काढून त्याच्या वरच्या अंगाला बर्फात फुलीसारख्या रोवल्या. वरून येणाऱ्याने ती फुली पाहिली की समजायचं, खाली कोणीतरी पडलंय, वेग आवर. मग ती त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली आणि मान हलू नये म्हणून दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरून राहिली. लाल जाकिटावर पांढरा क्रॉस असलेले स्की पेट्रोलचे लोक टोबोगन घेऊन येईपर्यंत तिने हात काढले नाहीत. त्याला पाय जाणवत नव्हते. तो तिला सारखं एकच विचारत होता, बाकीचे सगळे खाली पोचले का?

टोबोगन म्हणजे घसरगाडी. पुढे दोन दांड्यांच्या मध्ये एक जण स्कीवर उभा राहून ती आवरत नेतो, आणि जखमी माणूस पाठ ताठ बांधलेल्या स्थितीत आभाळ बघत खाली येतो. ही व्यवस्था एका मोडलेल्या पायातून आणि एका मित्राच्या मरणातून उभी राहिली. १९३६ च्या नववर्षाच्या सुट्टीत न्यूयॉर्कचा विमा व्यावसायिक मायनॉट डोल व्हरमाँटमधल्या स्टोला स्कीइंग करताना पडला आणि त्याचा घोटा मोडला. तेव्हा डोंगरावर मदतीची धड सोय नव्हती. त्याचा मित्र फ्रँक एडसन आणि बरोबरच्यांनी कुठूनतरी छपराचा पत्रा मिळवला, डोलला त्यावर ठेवलं आणि ओढत खाली आणलं. पुढे काही आठवड्यांतच एडसन स्कीच्या एका शर्यतीत जबर जखमी होऊन मरण पावला. ज्याने ओढून आणलं तो गेला, ज्याला आणलं तो उरला. उरलेल्याने स्कीवरच्या अपघातांचा अभ्यास करायला घेतला, आणि १९३८ मध्ये अमेरिकेचं नॅशनल स्की पेट्रोल सुरू झालं. आज त्याचे तीस हजारांवर सदस्य आहेत आणि त्यांतले पुष्कळ जण बिनपगारी, हौसेने हे काम करतात. आमच्या मित्राला खाली आणणाऱ्या दोघांच्या हातात ते कसब आलं त्याच्या मुळाशी तो पत्रा आहे.

शस्त्रक्रिया झाली. कमरेच्या वरचा एक मणका फुटून त्याच्या कपच्या मज्जारज्जूत घुसल्या होत्या. सूज उतरेपर्यंत किती परत येईल हे कोणी सांगू शकत नव्हतं. गावात बातमी पोचायला संध्याकाळही लागली नाही. स्कीच्या गावातली माणसं श्रीमंत नसतात. श्रीमंत असतात ते शनिवार-रविवारी येणारे. इथे राहणारे हिवाळ्यात लिफ्ट चालवतात, उन्हाळ्यात नदीवर राफ्ट वल्हवतात, मधल्या दिवसांत हॉटेलात वाढपी होतात. पण प्रत्येकाच्या हातात काहीतरी कला असते. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या सुतारांनी एका आठवड्यात त्याच्या दारात लाकडी उतरण बांधली, न्हाणीघराचं दार काढून चाकाची खुर्ची जाईल एवढं रुंद केलं. कोणी लाकडं फोडून रचून ठेवली, कोणी प्रत्येक हिमवादळानंतर पहाटे येऊन अंगणातला बर्फ उपसला. कुत्र्याला फिरवायची पाळी लागली. डब्यांची यादी माझ्याकडे आली. सोमवारी कोणाकडून, मंगळवारी कोणाकडून, त्याची बायको इस्पितळात असते तेव्हा मुलीला शाळेतून कोण आणेल, सगळं एका कागदावर. अग्निशमन दलाच्या दालनात स्पॅगेटीचं जेवण ठेवलं, सोडत काढली. कोणी आपल्या नव्याकोऱ्या स्की सोडतीला दिल्या, आणि त्या ज्याला लागल्या त्याने तिथल्या तिथे पुन्हा सोडतीला ठेवल्या.

मला त्या दिवसांत सह्याद्री फार आठवायचा. कॉलेजात असताना ट्रेकला जायचो तेव्हा पुढे लीडर आणि सगळ्यांत मागे बॅक लीड असायचा. त्याचं काम एवढंच, की आपल्या मागे कोणी राहू द्यायचं नाही. पाऊल मुरगळलेल्याची सॅक न बोलता दुसऱ्याच्या पाठीवर जायची. आजही लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’ ही मंडळी भर पावसात, रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात. आपलं दुकान, आपली नोकरी सोडून, ओळख ना पाळख अशा माणसासाठी. डोंगर कुठलाही असो, त्याच्यावर प्रेम करणारी माणसं एकमेकांचं देणं लागतात असं त्यांनी कधी मोठ्याने म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण वागतात तशीच.

तिसऱ्या महिन्यात यादीत रिकाम्या जागा दिसू लागल्या. यात कोणाचा दोष नव्हता. बर्फ वितळला होता, उन्हाळी कामं सुरू झाली होती, प्रत्येकाला आपापलं घर होतं. नेमका तेव्हाच विमा कंपनीने मंजूर केलेल्या फिजिओथेरपीच्या खेपा संपत आल्या. अमेरिकेतला विमा माणसाला जिवंत ठेवतो, खुर्चीत बसवून घरी पाठवतो. त्यापुढचं, पुन्हा डोंगरावर जाण्यासाठी लागणारं जे काही, ते त्याच्या लेखी गरजेचं नसतं. मणक्याच्या दुखण्यात शरीराला महिने नव्हे, वर्षं लागतात. सुरुवातीच्या दिवसांत फोन थांबत नव्हता. आता माझा मित्र दुपारभर खिडकीशी बसून डोंगर बघत असे. माझ्या मते दोस्तीची खरी चढण इथे लागते. अपघाताच्या दिवशी सगळे धावतात. कोणी ओरडलं नसताना, काही घडलं नसताना, एका साध्या गुरुवारी जायचं असतं.

हे ट्रकीतल्याच एकाने पुरतं ओळखलं होतं. रॉय टस्कनी, मूळचा व्हरमाँटचा, ‘शुगर बोल’ या स्की-डोंगरावरचा प्रशिक्षक. एप्रिल २००६ मध्ये मॅमथ माउंटनवर एका उडीत तो उतरायच्या जागेच्या पलीकडे जाऊन आदळला. पाठीचा बारावा मणका फुटला, कमरेखालचं शरीर निकामी झालं. टाहो तळ्याच्या परिसरातल्या आणि व्हरमाँटच्या माणसांनी त्याचा भार उचलला. चिकाटीने तो पुन्हा चालू लागला, स्कीवर उभा राहिला. आपल्यामागे जी माणसं उभी राहिली तशी प्रत्येकामागे राहतीलच असं नाही, हे त्याला दिसत होतं. जानेवारी २००९ मध्ये त्याने ‘हाय फाइव्ह्ज फाउंडेशन’ काढलं. जखमी झालेल्या स्कीअर, स्नोबोर्डरांना उपचारांसाठी, उपकरणांसाठी, डोंगरावर परतण्यासाठी ते पैसे देतं, आणि अपघात टाळायचं शिक्षणही. ट्रकीत त्यांनी उघडलेल्या व्यायाम-उपचार केंद्राला सी. आर. जॉन्सन या स्कीअरचं नाव दिलं. जॉन्सन टाहोचाच. २००५ मध्ये डोक्याला जबर मार लागून तो बेशुद्धीत गेला, त्यातून उठला, चालायला शिकला, पुन्हा स्कीवर आला. आणि २०१० च्या फेब्रुवारीत स्क्वॉ व्हॅलीच्या, म्हणजे आताच्या पॅलिसेड्स टाहोच्या, खडकांवर पडून गेला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. जो परत येणार नाही त्याच्या नावाच्या छताखाली इतर जण उभं राहायला शिकतात. माझा मित्रही तिथल्या समांतर दांड्या धरून घाम गाळत असे.

टस्कनी पडला त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत पूर्वेकडे मिडलबरी कॉलेजची केली ब्रश शर्यतीत घसरून लिफ्टच्या खांबावर आदळली होती आणि छातीखाली लुळी पडली होती. तिच्या कुटुंबाने, मैत्रिणींनी तिच्या नावाने संस्था काढली. ती दोन कामं करते: पाठीच्या कण्याची इजा झालेल्यांना खेळाची साधनं मिळवून देणं, आणि शर्यतीच्या मार्गावर सुरक्षा-जाळ्या बसवणं. दुसरं काम मला हलवून जातं. आपल्याला जे जाळं मिळालं नाही, ते पुढच्यासाठी बांधून ठेवायचं.

आणि या तिघांच्या कितीतरी आधी जिल किनमाँट. सिएराच्या पायथ्याच्या बिशप गावची. जानेवारी १९५५ च्या अखेरीस, अठराव्या वर्षी, युटामधल्या अल्टाच्या शर्यतीत तिची मान मोडली आणि खांद्यांखालचं शरीर गेलं. त्याच आठवड्यात ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर तिचं चित्र होतं. खुर्चीवरून शिक्षिका होता येणार नाही असं सांगणारे तिला भेटले. तरी ती शिक्षिका झाली, अखेर बिशपला परतली, शिकण्यात विशेष मदत लागणाऱ्या मुलांना तिने वर्षानुवर्षं शिकवलं. २०१२ मध्ये ती गेली. गावातल्या एका शाळेला तिचं नाव दिलं गेलं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही मित्राला डोंगरावर घेऊन गेलो. मोनोस्की म्हणजे अंगाबरोबर बसणारं एक खोल आसन, त्याखाली धक्के झेलणारी स्प्रिंग आणि एकच स्की. दोन्ही हातांत टोकाला छोट्या स्की लावलेल्या आखूड काठ्या. तोल सगळा पाठीच्या उरलेल्या स्नायूंनी आणि खांद्यांनी सांभाळायचा. या साधनाला हजारो डॉलर लागतात. त्याचे पैसे जमले ते कुठून कुठून. डॉनर समिटवर ही विद्या जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात टेन्थ माउंटन डिव्हिजनमधून लढलेला जिम विंथर्स साठच्या दशकात डॉनर स्की रँचवर हातपाय गमावलेल्या सैनिकांना स्की शिकवायचा. ही डोंगरी डिव्हिजन व्हावी म्हणून सरकारदरबारी खेटे घातले होते ते मायनॉट डोलनेच. पत्र्यावरून खाली आलेल्या माणसाचा हात असा कुठल्या कुठे पोचतो.

पहिल्या दिवशी तो सारखा कलंडत होता. शिक्षक आता शिकत होता, आणि त्याने शिकवलेली आम्ही त्याच्या पुढे जाऊन कडेला थांबत होतो. आमचा वेग आता त्याच्यावर ठरायचा. कोणाची कुरकुर नव्हती. पायांनी चालणं त्याला परत मिळालं नाही, कदाचित मिळणारही नाही. त्याच्याबद्दल बोलताना ‘पूर्वीसारखा’ हा शब्द आम्ही हळूहळू सोडून दिला. टोळीतली त्याची जागा मात्र एक दिवसही रिकामी राहिली नव्हती.

डोल, किनमाँट, ब्रश, टस्कनी: ज्यांच्यासाठी इतर थांबले, तेच पुढे दुसऱ्यासाठी थांबले. मला वाटायचं, हे मोठ्या मनाच्या थोड्या लोकांचं काम. या हिवाळ्यात शेजारच्या खोऱ्यातला एक विशीतला स्नोबोर्डर पाठीवर पडला. आम्ही पुन्हा कागद घेऊन बसलो. डबे, शाळा, लाकडं, बर्फ. मित्राने यादी माझ्या हातातून घेतली, पहिले दोन महिने भरलेले पाहिले आणि म्हणाला, हे तुम्ही करा, हे कोणालाही जमतं. मग तिसऱ्या महिन्यातल्या प्रत्येक गुरुवारपुढे त्याने स्वतःचं नाव लिहिलं.